बेळगाव भागातील मोटार शोरूमवाल्यांना खुले पत्र: गाडीचा पुरा भाव बुकिंगआधी एका कागदावर द्या

बेळगाव, खानापूर, चिकोडी आणि निपाणी भागातील सर्व मोटार विक्रेते, त्यांचे मॅनेजर आणि विक्री प्रतिनिधी यांस,

सप्रेम नमस्कार.

खानापूर तालुक्यातल्या एका पतसंस्थेत मी वाहन कर्जाचे काम बघतो. तुमच्या शोरूममधून कोटेशन घेऊन निघालेला माणूस बरेचदा थेट माझ्या टेबलासमोर येऊन बसतो. त्यामुळे तुमच्यापैकी अनेकांची कोटेशने माझ्या हाताखालून गेलेली आहेत. कुणाचे नाव घ्यायचे नाही, कारण प्रश्न एका शोरूमचा नाही. मागणी एकच आहे. बुकिंगचे पैसे घेण्याआधी गिऱ्हाइकाला गाडीचा पुरा भाव एका कागदावर, ओळ न् ओळ फोडून, सही-शिक्क्यासह द्या. त्यात सक्तीचे काय आणि मर्जीचे काय ते वेगळे दाखवा. आणि मराठी वाचणाऱ्याच्या हातात तो कागद मराठीतही पडू द्या.

अलीकडेच पाहिलेल्या एका कोटेशनबद्दल सांगतो. गिऱ्हाईक ऊस उत्पादक शेतकरी, घरातली ही पहिलीच चारचाकी. कागदावर सर्वांत वर एक्स-शोरूम किंमत, म्हणजे नोंदणीचा कर आणि विमा धरण्याआधीची. खाली लाइफ टॅक्स, इन्शुरन्स, आरटीओ खर्च, एक्स्टेंडेड वॉरंटी, ‘एसेन्शियल किट’, हँडलिंग, आणि शेवटी नुसते ‘इतर’. बेरीज छापील, पण ‘इतर’समोरचा आकडा पेनने घातलेला. काका चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “ह्यातलं सरकारला किती जातंय आणि शोरूमला किती, तेवढं सांगा की वो.” त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. त्यातल्या निम्म्या ओळींचे उत्तर त्या कागदावरून मलाही देता येईना, आणि माझे तर कामच ते आहे.

सरकारी फी गुपित नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे खासगी मोटारीच्या नोंदणीला ६०० रुपये, कर्जाचा बोजा चढवायला १,५०० रुपये आणि स्मार्ट कार्डाला २०० रुपये लागतात. कोटेशनवर मात्र टॅक्स वेगळा दाखवूनही ‘आरटीओ खर्च’ म्हणून काही हजारांचा एकच आकडा असतो. तुमचा माणूस कागद घेऊन फिरतो, त्याच्या कष्टाचे पैसे घ्यायला हरकत नाही. ते ‘आमचा सेवा आकार’ म्हणून लिहा, म्हणजे घ्यायचे की नाही हे गिऱ्हाईक ठरवेल. हँडलिंग चार्जचेही तेच. कंपनीकडून गाडी तुमच्या यार्डात आणणे, धुणे, उभी करणे हा तुमच्या धंद्याचा खर्च आहे. कोणत्याही कायद्याने तो गिऱ्हाइकावर बसवलेला नाही, आणि जे गिऱ्हाईक ठामपणे विचारते त्याच्या कोटेशनवरून ही ओळ निघालेलीही मी पाहिली आहे. एकाला लावता आणि दुसऱ्याला सोडता, म्हणजे जो विचारत नाही त्याने भरायचे. आमच्याकडे न विचारणारे बहुधा खेड्यातले, पहिल्यांदा गाडी घेणारे आणि शोरूमच्या काचेच्या दारातून आत येतानाच संकोचलेले असतात.

विम्यावर जरा थांबतो, कारण सर्वांत जास्त पैसा तिथे जातो. नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान झाले तर त्याच्या भरपाईचा विमा, एकदम घ्यावाच लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ सप्टेंबर २०१८ पासून तो नियम आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा मात्र एका वर्षाचा घेता येतो, आणि तो कुणाकडून घ्यायचा हे गाडीचा मालक ठरवतो. बाहेरून विमा आणला तर डिलिव्हरी लांबेल, कॅशलेस मिळणार नाही, डिस्काउंट रद्द होईल, असे तुमचे प्रतिनिधी सर्रास सांगतात. कॅशलेस सोय, म्हणजे दुरुस्तीचे बिल विमा कंपनीने परस्पर भरणे, त्या वर्कशॉपचा विमा कंपनीशी करार आहे की नाही यावर ठरते. तुमच्या टेबलावरून पॉलिसी घेतली की नाही याचा त्याच्याशी संबंध नाही. त्याच गाडीचा, त्याच विमा किमतीचा, त्याच जोड-कव्हरांचा भाव बाहेरून काढला की फरक डोळ्यांत भरतो. काही वेळा तुमचाच भाव बरा निघतो, तेव्हा मी स्वतः लोकांना तुमच्याकडून घ्यायला सांगतो. तुलना करायला कागद द्या, एवढेच म्हणणे आहे.

विम्यातल्या आणखी दोन गोष्टी तुम्ही आपणहून सांगत नाही. ज्याच्याकडे आधीची मोटार आहे आणि ज्याने वर्षानुवर्षे क्लेम केलेला नाही, त्याचा नो क्लेम बोनस ५० टक्क्यांपर्यंत गेलेला असतो. तो बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. जुनी गाडी विकल्यावर विमा कंपनीकडून पत्र घेतले की नव्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात ती सूट मिळते, आणि ते पत्र तीन वर्षे चालते. दुसरे म्हणजे १५ लाखांचा मालक-चालक अपघात विमा. तो आधीपासून असेल तर प्रत्येक गाडीबरोबर नव्याने घ्यायची गरज नाही. हे दोन प्रश्न तुमच्या फॉर्मवरच छापा: आधीचा नो क्लेम बोनस आहे का, अपघात विमा आहे का. गिऱ्हाइकाचे काही हजार तिथेच वाचतील.

आता आपल्या सीमाभागाचा खास विषय, पासिंगचा. कर्नाटकात पाच ते दहा लाखांच्या मोटारीला आजीवन कर (कोटेशनवरचा लाइफ टॅक्स) १४ टक्के, आणि त्या करावर सेस वेगळा. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरच्या दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के. किंमत नऊ लाख धरली तर इकडे नुसता कर १,२६,००० आणि तिकडे ९९,०००. सेस धरला की दरी आणखी रुंदावते. चंदगड, गडहिंग्लज, कागलमध्ये आपल्या प्रत्येकाचा कुणी ना कुणी पाहुणा आहे. मग शोरूममध्येच कुणीतरी हळूच म्हणतो, “तिकडचा पत्ता असला तर बघा, एमएच ०९ पासिंग करून देऊ.” एमएच ०९ म्हणजे कोल्हापूरचा नंबर. कृपा करून हे थांबवा. मोटार वाहन कायद्याप्रमाणे मालक जिथे राहतो किंवा धंदा करतो आणि गाडी जिथे नेहमी उभी असते, त्या राज्यात नोंदणी करायची असते. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त गाडी ठेवली की तिथला नंबर घ्यावा लागतो, तिथला कर भरावा लागतो, आणि त्याआधी पहिल्या आरटीओची ना हरकत आणावी लागते. कर्ज असेल तर आमच्यासारख्या संस्थेचीही. पहिल्या राज्यातून कराचा काही भाग परत मागता येतो, पण त्यासाठीचे हेलपाटे गाडीवाल्यानेच घालायचे. वाचलेले तीस-चाळीस हजार त्यात सहज जातात. तुमची विक्री मात्र त्याच दिवशी पूर्ण झालेली असते.

उलट बाजूनेही बघा. चंदगड तालुक्यातल्या लोकांना कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ. दवाखाना इथला, लग्नाचा बस्ता इथला, तसे ते गाडीही इथेच बघतात. त्यांचे एमएच ०९ पासिंग पूर्णपणे कायदेशीर आहे, कारण ते राहतात तिथेच. त्यांना तुम्ही तात्पुरत्या नोंदणीवर गाडी देता आणि पुढचे काम त्यांचे त्यांनी कोल्हापूरला करायचे असते. पण कोटेशनवर कित्येकदा कर्नाटकाचा कर धरून ‘ऑन रोड’ आकडा दिलेला असतो, नाहीतर कराची ओळच गाळलेली असते आणि भाव स्वस्त दिसतो. गाडी घरी गेल्यावर माणसाला कळते की लाखाच्या घरातली रक्कम अजून भरायची आहे, आणि कर्ज तर आधीच्या आकड्यावर मंजूर झालेले. अशा गिऱ्हाइकासाठी कागदाच्या माथ्यावर एक ओळ ठळक लिहा: नोंदणी कोणत्या राज्यात, कर कोण भरणार, अंदाजे किती. दहा लाखांवरच्या गाडीला १ टक्का टीसीएस (विक्रेत्याने गिऱ्हाइकाकडून गोळा करायचा प्राप्तिकर) लागतो तोही दाखवा आणि सांगा, की ही रक्कम त्यांच्या पॅनवर जमा होते व प्राप्तिकर विवरणपत्रात धरता येते. पगारदार शिक्षकांनाही बरेचदा हे ठाऊक नसते, मग ती रक्कम खर्चात गेली असे धरून ते सोडून देतात.

कर्जाबद्दल मी बोललो तर ‘ह्याला स्वतःचा धंदा हवा’ असे तुम्हाला वाटेल. तरी बोलतो. तुमच्या शोरूममध्ये फायनान्सवाल्याचे टेबल असते आणि तिथे ‘फक्त ७ टक्के’ असा बोर्ड असतो. तो दर फ्लॅट, म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवरच व्याज धरणारा, असेल तर पाच लाखांवर पाच वर्षांचे व्याज होते १,७५,०००, आणि हप्ता ११,२५०. घटत्या शिलकीवर, म्हणजे फेडून उरलेल्या रकमेवरच व्याज धरले तर, हाच हप्ता साधारण साडेबारा टक्क्यांचा पडतो. आमच्या संस्थेचा दर ऐकून “शोरूममध्ये सात आहे” म्हणत उठून गेलेली माणसे मी पाहिली आहेत. त्यांना अडवता येत नाही, आणि अडवावे असेही नाही. बँका आणि फायनान्स कंपन्यांनी कर्जाआधी मुख्य तथ्यांचे पत्रक द्यायचे, त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर दाखवायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहे. ते पत्रक सहीच्या वेळी कागदांच्या गठ्ठ्यात सरकवू नका. बोर्डवरच्या आकड्याशेजारी ठेवा. आणि फायनान्स कंपनीकडून तुम्हाला मिळणारा मोबदला गिऱ्हाइकाच्या दरात धरलेला असेल, तर तेही सांगण्याची हिंमत दाखवा.

जुन्या गाडीच्या एक्स्चेंजमध्ये पैशांपेक्षा मोठा धोका आहे. ‘एक्स्चेंज बोनस’ म्हणून गाडी ठेवून घेता, कोऱ्या फॉर्मवर सह्या घेता, आणि गाडी कुठल्यातरी एजंटामार्फत कधी कोल्हापूर-सांगलीकडे तर कधी चोर्ल्याच्या वाटेने गोव्याला निघून जाते. आरसी वर्षभर जुन्याच माणसाच्या नावावर. पुढे अपघात झाला तर नोटीस त्याच्या दारात येते. नोंदणीत ज्याचे नाव तोच कायद्याने मालक, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितले आहे. आमच्या एका निवृत्त सभासदाला अशी नोटीस आली तेव्हा त्या गृहस्थांची रात्रीची झोप उडाली. गाडी देऊन कितीतरी महिने झाले होते, पण हातात पुरावा म्हणून फक्त शोरूमचे व्हिजिटिंग कार्ड. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला आरटीओचे अधिकारपत्र लागते, आणि गाडी ताब्यात घेतली की फॉर्म २९-सी ने पोर्टलवर कळवायचे असते. तेव्हापासून जबाबदारी त्या विक्रेत्याची. जुनी गाडी घेताना त्या कळवण्याची प्रत आणि ताबा घेतल्याची तारीख-वेळ लिहिलेली पावती जागेवर द्या. हे जमणार नसेल तर एक्स्चेंजच करू नका.

पाडवा, अक्षय तृतीया, दसरा, धनत्रयोदशी. या दिवशी तुमच्याकडे जत्रा असते. घरचे सगळे नटून आलेले, भटजींची वेळ ठरलेली, हार तयार, कुंद्याचा बॉक्स तयार, आणि चावी हातात पडेपर्यंत अंधार झालेला. अशा घाईत गाडी कोण तपासणार? म्हणून मुहूर्ताच्या एक-दोन दिवस आधी, उजेडात, गिऱ्हाइकाला यार्डात बोलवा. विक्री दाखल्यावर, म्हणजे फॉर्म २१ वर, गाडी बनल्याचा महिना आणि वर्ष असते. तो चासिस क्रमांकाशी जुळवून दाखवा. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, तेही दाखवा. मीटरवरचे किलोमीटर, चारही दारांच्या कडांचा रंग, काचांवरच्या खुणा, स्टेपनी, जॅक, दोन्ही चाव्या. अर्ध्या तासाचे काम आहे. गेल्या वर्षी बनलेली गाडी विकायला माझी हरकत नाही, ती स्वस्तात मिळत असेल तर समजून-उमजून घेणारे पुष्कळ आहेत. पण नव्या वर्षाच्या भावात जुन्या वर्षाची गाडी दिली, तर पुढे विकताना त्याचा फटका गिऱ्हाइकालाच बसतो, कारण आरसीवर बनल्याची तारीख असते आणि जुनी गाडी घेणारा तीच बघतो.

आणि नोंदणीशिवाय गाडी रस्त्यावर सोडू नका. तात्पुरती का होईना, नोंदणी झाल्याखेरीज गाडी ताब्यात द्यायची नाही, हे केंद्रीय नियमांत विक्रेत्यावरचे बंधन आहे. “मुहूर्त गाठू, नंबर नंतर बघू” असे गिऱ्हाईकच म्हणत असले तरी ‘नाही’ म्हणायचे काम तुमचे.

बुकिंगच्या रकमेचे थोडक्यात. पावती फर्मच्या नावाची, मॉडेल, व्हेरियंट, रंग, अंदाजे डिलिव्हरी आणि रद्द केल्यास किती परत व किती दिवसांत, हे सगळे लिहिलेली असावी. व्हिजिटिंग कार्डाच्या मागे ‘५,००० मिळाले’ लिहून देणे बंद करा. उसाचे बिल खात्यात जमा होते, तरी “कॅश आणा, थोडं कमी करतो” म्हणणारे भेटतात. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणे प्राप्तिकर कायद्यात बसत नाही, आणि दंड घेणाऱ्याला होतो.

भाषेचे शेवटी लिहितो आहे, पण माझ्या मनात ते पहिले आहे. तुमच्याकडची मुले आमच्याशी छान मराठी बोलतात. आमच्याच येळ्ळूर, कडोली, नंदगडची पोरे ती. घरच्यासारखे “काका, मामा” करतात, गाडीची सगळी माहिती मराठीत सांगतात. मग सहीसाठी पुढे येतो तो कागद इंग्रजीत असतो. तोंडी सांगितलेले आणि कागदावरचे वेगळे निघाले तर कायद्यात कागदच उभा राहतो. मी कन्नड वाचतो, लिहितो, आणि कन्नड गिऱ्हाइकाला कन्नडमध्ये कोटेशन मिळाले पाहिजे असेच म्हणतो, कारण त्यालाही आज इंग्रजीच मिळते. दोन्ही भाषांत एकाच नमुन्याचा कागद छापायला खर्च तो काय? जाहिरातीचा फलक तुम्ही तीन भाषांत लावता.

कुणी विचारेल, न दिला कागद तर काय? तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे गिऱ्हाईक स्वतः राहते त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करू शकते. म्हणजे बेळगावात गाडी घेतलेल्या चंदगडच्या माणसाला कोल्हापुरात दाद मागता येते, आणि तुम्हाला तिकडे जाऊन उत्तर द्यावे लागते. मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, मुदत दोन वर्षे. पाच लाखांपर्यंत फी नाही, पुढे दहा लाखांपर्यंत २०० रुपये, वीस लाखांपर्यंत ४०० रुपये. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. हे मी कर्ज घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो आणि सांगत राहीन. पण कोर्टकचेरी कुणालाच नको असते. पहिली गाडी घेणाऱ्या माणसाला तर तुमच्याशी भांडायचे नसतेच. त्याला पुढची पाच वर्षे सर्व्हिसिंगला तुमच्याच दारात यायचे असते.

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या मोटारींवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. चार मीटरच्या आतली, पेट्रोलची १२०० आणि डिझेलची १५०० सीसीपर्यंतची गाडी त्यात बसते. आमच्या भागातल्या बहुतेकांचा डोळा अशाच गाडीवर असतो. दुचाकीवर बायको-पोरांना बसवून पावसाळ्यात जांबोटी रस्त्याने जाणारी माणसे आता मोटारीचा विचार करू लागली आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. सरकारने सोडलेला पैसा किट, हँडलिंग आणि ‘इतर’मध्ये जिरू नये, म्हणून हे लिहिणे.

कोटेशनचा एक नमुना मी तयार केला आहे. एका बाजूला मराठी, मागे कन्नड. प्रत्येक रकमेसमोर तीन रकाने: सक्तीचे, मर्जीचे, आणि पैसा कुणाकडे जातो. तो या पत्रासोबत तुमच्यापैकी प्रत्येकाकडे पोचवतो आहे. दुरुस्त्या सुचवाव्यात, तुमचे नाव-चिन्ह घालून वापरावा, माझी काही हरकत नाही. आमच्या संस्थेच्या संचालक मंडळापुढेही मी ठेवणार आहे, की यापुढे वाहन कर्जाच्या अर्जाला असे फोडलेले कोटेशन जोडलेले असावे, आणि ‘इतर’ नावाच्या रकमेवर कर्ज मंजूर करू नये. तुमचे उत्तर मंडळाच्या बैठकीआधी आले तर तेही तिथे वाचून दाखवीन.

कळावे,

आपला,
वाहन कर्ज विभागातील एक कर्मचारी,
तालुका खानापूर, जिल्हा बेळगाव